वारसा इमारतीत रेस्टॉरंट उभारताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, काळा घोडा आणि गिरगाव या भागांतील जुन्या इमारतींमध्ये रेस्टॉरंटची अंतर्गत रचना करण्याचे काम आम्ही करतो. जागा घेण्याच्या बेतात असलेले व्यावसायिक, त्यांचे डिझायनर आणि कधी कधी काळजीत पडलेले घरमालक आम्हाला सातत्याने जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः मुंबईच्या नियमांना धरून आहेत. पुणे, गोवा आणि पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील वास्तू यांविषयी प्रश्न १३ पाहावा.

१. आमची इमारत संरक्षित आहे की नुसतीच जुनी आहे, हे कसे ओळखायचे?

इमारतीच्या वयावरून किंवा दर्शनी भागावरील नक्षीवरून अंदाज बांधू नये. मुंबईत वारसा इमारतींची यादी आणि तिच्यासंबंधीचे नियम १९९५ मध्ये लागू झाले. तेव्हा ते विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ म्हणून ओळखले जात, आणि आताच्या २०३४ च्या नियमावलीत ते नियम ५२ मध्ये आहेत. महापालिकेच्या यादीत इमारतीचे नाव आणि तिची श्रेणी दिलेली असते. बहुतेक लोक येथेच थांबतात आणि एक गोष्ट नजरेतून सुटते. इमारत स्वतः यादीत नसली, तरी ती ज्या रस्त्यावर किंवा मैदानाच्या कडेला उभी आहे तो सगळा परिसर वारसा परिसर म्हणून नोंदलेला असू शकतो. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह तर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. म्हणून जागेचा करार करण्यापूर्वी इमारत आणि परिसर या दोन्हींची चौकशी करावी, आणि ती दलालाकडे न करता महापालिकेत करावी.

२. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन यांचा आतल्या कामावर नेमका काय परिणाम होतो?

श्रेणी एकमध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तेथे बाहेर आणि आत दोन्हीकडे, इमारत बळकट करण्यासाठी व तिचे आयुष्य वाढवण्यासाठी अपरिहार्य असलेले कामच करता येते. अशा वास्तूत रेस्टॉरंट पूर्वीपासून चालत असेल तर गोष्ट वेगळी. नव्याने काढण्याचा विचार शक्यतो सोडून द्यावा. श्रेणी दोन-अमध्ये अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना साधारणपणे वाव असतो, पण प्रत्येक प्रस्तावाची कसून छाननी होते आणि ज्या वैशिष्ट्यांमुळे इमारत यादीत आली ती जपली जातील याची खात्री द्यावी लागते. दोन-बमध्ये याच अटी राहतात. त्याच भूखंडावर काही परिस्थितीत वाढीव बांधकामाचीही शक्यता असते. श्रेणी तीनमध्ये अंतर्गत बदलांना सर्वांत जास्त मोकळीक आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक कामे दोन-अ आणि दोन-बमधील असतात, आणि पुढील उत्तरे तीच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

३. आम्ही फक्त रंग देणार आणि टेबल-खुर्च्या बदलणार आहोत. तरीही परवानगी लागते का?

टेबल-खुर्च्या, सुटी कपाटे, सुटे दिवे यांच्यासाठी वारसा समितीकडे जावे लागत नाही. रंगाचे मात्र तसे नाही. मूळ नियमातच जोडकाम, बदल आणि दुरुस्ती यांच्या बरोबरीने इमारत रंगवणे, गिलावा करणे आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे यांचा स्पष्ट उल्लेख असून, त्यासाठी आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली आहे. आयुक्त ही परवानगी मुंबई वारसा जतन समितीच्या सल्ल्याने देतात. आमचा साधा दंडक असा आहे की, जी वस्तू नेताना भिंतीत, फरशीत किंवा छतात एकही भोक मागे राहणार नाही ती सुटी, आणि जिच्यासाठी ड्रिल मशीन हातात घ्यावे लागते ती समितीपुढे ठेवण्याची.

४. आमच्या डिझायनरने पहिल्याच आठवड्यात थ्रीडी चित्रे तयार केली आहेत. कामाची सुरुवात अशीच करायची असते ना?

नाही. नव्या इमारतीत कोरी खोली मिळते, म्हणून तेथे चित्रापासून सुरुवात करता येते. जुन्या इमारतीत खोली कोरी नसते, आणि आज जे दिसते ते बहुतेक वेळा मागच्या तीन-चार भाडेकरूंनी चढवलेले थर असतात. म्हणून आधी मोजणी, मग प्रत्येक भिंतीचे, दाराचे आणि छताचे छायाचित्र, आणि त्यानंतर ठिकठिकाणी थोडे थोडे उघडून पाहणे, हाच क्रम धरावा.

एक अनुभव सांगतो. फोर्टमधील एका तळमजल्यावर व्हिनाइलचा थर होता, त्याखाली चकचकीत सिरॅमिक लाद्या आणि त्याखाली सिमेंटचा पातळ कोबा. नव्या ग्रॅनाइटची ऑर्डर जवळजवळ गेलीच होती. दाराच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा छिन्नीने हळूहळू उचलला, ओल्या फडक्याने पुसला, आणि खाली विटकरी, काळ्या आणि पिवळसर रंगांची भौमितिक नक्षी असलेली जुनी लादी निघाली. पुढचे तीन आठवडे दोन कारागीर गुडघ्यांवर बसून सिमेंट खरवडत होते. अर्ध्या खोलीतील लाद्या वाचल्या. ज्या भागात पूर्वी कोणीतरी मोरी काढली होती, तेथे त्या कायमच्या गेल्या होत्या; तेवढ्या पट्ट्यात आम्ही नक्षीची नक्कल न करता त्याच रंगछटेची साधी लादी बसवली. बसण्याची मांडणी मग त्या फरशीवरून ठरली, आणि आधीची सगळी चित्रे बाजूला ठेवावी लागली.

५. स्वयंपाकघर कुठे काढावे आणि धूर कसा बाहेर काढावा?

वारसा इमारतीतील रेस्टॉरंटचे यश-अपयश याच प्रश्नावर ठरते, असे आमचे ठाम मत आहे. बसण्याची जागा कशीही सजवली तरी इमारतीला फारसा धक्का लागत नाही. तिचे नुकसान स्वयंपाकघर करते, कारण उष्णता, वाफ, तेलकट धूर आणि सांडपाणी या चारही गोष्टी तेथे रोज बारा-चौदा तास निर्माण होतात आणि चुना, लाकूड व दगड यांपैकी कशालाही त्या मानवत नाहीत.

पहिला नियम असा की, ज्या जागी पूर्वीपासून पाणी आणि निचरा आहे तेथेच, म्हणजे बहुधा मागच्या बाजूला हाऊसगल्लीकडे (दोन इमारतींमधल्या अरुंद सेवागल्लीकडे), स्वयंपाकघर ठेवावे. दुसरा नियम, धुराची नळी दर्शनी भागातून कधीही काढू नये. ती हाऊसगल्लीतून सरळ वर नेऊन गच्चीच्या वर सोडावी, शक्य तर तिचा भार इमारतीवर न टाकता स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर घ्यावा. जेथे भिंतीचा आधार घ्यावाच लागेल, तेथे बोल्ट दगडात न मारता दोन दगडांमधल्या सांध्यात मारावा आणि तो स्टेनलेस स्टीलचा असावा. सांधा पुन्हा चुन्याने भरता येतो, दगडाला पडलेले भोक बुजत नाही. साधे लोखंड गंजून फुगते आणि भोवतालचा दगड फोडते. आडव्या नळीला हूडकडे उतार द्यावा, दर थोड्या अंतरावर साफसफाईसाठी झाकण ठेवावे, आणि जुन्या लाकडापासून तिचे अंतर आराखड्यात आकड्याने लिहावे. साचलेले तेल पेट घेते तेव्हा आग नळीतूनच वर चढते. त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

हाऊसगल्ली सामाईक असते. वरच्या मजल्यांवरील रहिवाशांची लेखी संमती मिळाल्याशिवाय अनामत रक्कम भरू नये. केवळ एवढ्या एका कारणाने फसलेली कामे आम्ही पाहिली आहेत.

६. तंदूर लावता येईल का?

कोळशाचा तंदूर सुचवत नाही. २०२५ मध्ये महापालिकेने कोळसा वापरणाऱ्या रेस्टॉरंटांना नोटिसा देऊन वीज किंवा गॅसकडे वळण्यास सांगितले आहेच. गॅसचा तंदूर ठेवायचा असल्यास तो तळमजल्यावर, जुन्या भिंतीपासून सुटा आणि स्वतंत्र उष्णतारोधक चौथऱ्यावर असावा. लाकडी मजल्यावर तंदूर ठेवू नये.

७. जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि जमीन लाकडी तुळयांची आहे. ती गर्दी पेलेल का?

हे नुसते पाहून सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, रेस्टॉरंटसाठी ४०० किलो. म्हणजे घराच्या किंवा बिऱ्हाडाच्या वापरासाठी बांधलेल्या मजल्यावर आपण दुप्पट भाराची अपेक्षा करतो. त्यात हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन वजन, आणि तेही एकाच जागी.

मुंबईच्या जुन्या इमारतींत सागवानी वाशांवर शहाबादी लाद्या आणि त्यावर चुन्याचा कोबा अशी रचना सर्रास आढळते. मधला वासा बहुधा ठणठणीत असतो. कुजते ते भिंतीत शिरलेले टोक, कारण पावसाळ्यातील ओल तेथे मुरते आणि हवा लागत नाही. म्हणून संरचना अभियंत्याला ती टोके उघडून, अणकुचीदार सळई टोचून तपासायला सांगावे. कुजलेले टोक कापून तेथे लोखंडी पट्ट्यांचा जोड देता येतो आणि संपूर्ण तुळई वाचते. वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह हवेच असेल, तर ते खालच्या जुन्या मोरीच्या बरोबर वर घ्यावे आणि त्याखाली स्वतंत्र जलरोधक तबक बसवावे.

काही इमारतींचे खांब ओतीव लोखंडाचे असतात. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या अशाच लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले. ओतीव लोखंड दाबाला चांगले टिकते, पण ते ठिसूळ असते. त्याला वेल्डिंग करून दिव्याचा कंस जोडण्याचा मोह टाळावा. खांबाभोवती कसलेला पट्टा तेच काम करतो.

८. भिंतींना ओल आहे आणि पोपडे येतात. सगळा गिलावा काढून सिमेंटने पक्के प्लास्टर करून घेऊ का?

कृपया करू नका. आम्हाला येणाऱ्या पत्रांपैकी सर्वांत जास्त पत्रे याच विषयाची असतात, आणि बहुतेकांनी एकदा सिमेंट लावून झालेले असते.

जुनी भिंत ओल आत घेते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंट आणि प्लास्टिक रंग ही वाट बंद करतात. मग ओल आतल्या आत वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगड-विटांच्या पृष्ठभागाखाली साचून फुगतात, आणि वर्षा-दोन वर्षांत प्लास्टर विटेचा थर बरोबर घेऊन गळून पडते. भिंतीला लोणा लागणे म्हणतात ते हेच. वातानुकूलित खोलीत हा प्रकार अधिक लवकर दिसतो.

योग्य क्रम असा आहे : आधी पाणी येते कोठून हे शोधावे. बहुधा तुटलेला पन्हाळ, वरच्या मजल्यावरील नळ किंवा उंच झालेला रस्ता हे कारण असते. ते दूर करून सिमेंट काढावे आणि भिंत काही महिने उघडी ठेवून वाळू द्यावी. त्यानंतर मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) यांचा गिलावा पातळ थरांत करावा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर यांचे पाणी घालत, आणि जाणकार कारागीर आजही घालतात. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू कठीण होतो, त्यामुळे घाई चालत नाही. हे काम दिवाळीनंतर काढावे. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून चुन्याचे काम तिच्यात बसवायला गेल्यास शेवटी सिमेंटच लागते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

९. एसी, दिवे आणि वायरिंग भिंती न फोडता कसे करायचे?

भिंतीत खाचा पाडू नयेत. जी. आय. किंवा पितळेच्या नळ्यांमधून उघडे वायरिंग, जमिनीलगतच्या लाकडी पट्टीच्या मागे किंवा कंगोऱ्याच्या वरच्या कडेने नेल्यास ते नजरेला खुपत नाही. एसीचे बाहेरचे यंत्र दर्शनी भागावर चालत नाही. आतल्या यंत्रातून ठिबकणारे पाणी हा छोटा वाटणारा मुद्दा आहे, पण आम्ही दुरुस्त केलेल्या किमान निम्म्या कुजक्या कडीपाटांचे कारण तेच होते. फॉल्स सीलिंग लावून जुने छत झाकू नये. झाकल्यावर गळती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

उंच छत आणि कठीण फरशी यांमुळे आवाज घुमतो, अशी तक्रार याच प्रश्नासोबत येते. टेबलांच्या खालच्या बाजूला ध्वनिशोषक थर, जाड पडदे आणि पाठी उंच असलेली बाके एवढ्यावर बराच फरक पडतो.

१०. अग्निशमन विभागाच्या अटी आणि वारसा समितीच्या अटी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या तर काय?

जीव वाचवणाऱ्या अटीला प्राधान्य द्यावे आणि रचना तिच्याभोवती बदलावी. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. त्यानंतर या विषयावर वाद घालण्याची आमची तयारी नाही.

प्रत्यक्षात विरोध वाटतो तितका नसतो. एकच लाकडी जिना असेल, तर तो तोडून रुंद करण्याऐवजी वरच्या मजल्यावरील आसनसंख्या कमी करावी आणि मागच्या बाजूला लोखंडी जिन्याचा प्रस्ताव द्यावा. लाकडावर उष्णतेने फुगणारा पारदर्शक अग्निरोधक लेप देता येतो. जुने दार आत उघडणारे असल्यास, कामाच्या वेळेत ते पूर्ण उघडे अडकवून ठेवण्याची व्यवस्था दाखवता येते; ती मान्य करायची की नाही, हे मात्र अग्निशमन अधिकारी ठरवतील. दोन्ही कार्यालयांना एकच नकाशा एकाच वेळी द्यावा. एकाची मंजुरी घेऊन मग दुसऱ्याकडे गेल्यास दोनदा काम होते. रेस्टॉरंट सुरू झाल्यावरही महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते.

११. आम्हाला जुन्या इराणी हॉटेलसारखे वातावरण हवे आहे. भिंती मुद्दाम जुन्या दिसतील असे करता येईल का?

करता येते, पण करू नये. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ पासून, धोबीतलावचे कयानी १९०४ पासून चालू आहे. तेथील लाकडी खुर्च्या, आरसे आणि भिंतींवरचे डाग त्या वर्षांनी आलेले आहेत. तुमच्या इमारतीला तिचा स्वतःचा इतिहास आहे, आणि नकली पोपड्यांनी तो झाकला जातो. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व येथे उपयोगी पडते : नवा भाग जुन्याशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे.

उलट प्रश्नही येतो, की सगळे नंतरचे थर काढून मूळ रूपच आणावे का. त्याचेही उत्तर नाही असेच आहे. कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरील मारिओ मिरांडा यांची चित्रे मूळ बांधकामाचा भाग नाहीत. लिओपोल्डमध्ये २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा जपल्या आहेत. हे थर त्या जागांच्या इतिहासाचाच भाग झाले आहेत. कोणता थर ठेवावा हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते. म्हणून प्रश्न ४ मधील नोंदी आवश्यक असतात.

१२. आम्ही पागडीचे भाडेकरू आहोत. परवानगी आमच्या नावाने घेता येईल का?

मालकाच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम १६ प्रमाणे, अशा संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते. संमतीपत्रात ‘अंतर्गत दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता नकाशा जोडून प्रत्येक कामाचा उल्लेख करावा. जमीन भाडेपट्ट्याची असेल, जशी बॅलार्ड इस्टेटमध्ये मुंबई बंदर प्राधिकरणाची असते, तेथे मूळ भूधारकाचीही संमती लागते का हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

१३. पुण्यातील वाडा, गोव्यातील पोर्तुगीजकालीन घर किंवा किल्ल्याजवळची जागा यांना हेच नियम लागू होतात का?

तत्त्वे तीच, कार्यालये वेगळी. पुण्यात महापालिकेची वारसा यादी पाहावी. पणजीतील फोंतेन्यासारख्या भागात गोव्याचे स्वतःचे वारसा नियम आहेत. तेथील घरांत शिंपल्यांची तावदाने, बाल्कांव (दारापुढील बैठकीचा ओटा) आणि लाकडी नक्षीचे छत हे भाग सर्वांत आधी जपावेत. तावदाने काढून काच बसवल्यास खोलीतला तो दुधाळ, मऊ प्रकाश जातो, आणि ग्राहक ज्याच्यासाठी आले असते तेच नाहीसे होते.

वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली असेल तर १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. त्या पहिल्या १०० मीटरांतील जुन्या घरात रेस्टॉरंट काढायचे असल्यास दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे.

१४. प्रवेशाला पाच दगडी पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी पायऱ्या तोडता येणार नाहीत, मग काय करावे?

पायऱ्यांना हात न लावता त्यांच्यावर सुटा लाकडी किंवा लोखंडी उतार ठेवता येतो. त्याचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे ७५ सेंटिमीटर चढायला ९ मीटर लांबी लागते, आणि फोर्टच्या पदपथावर एवढी जागा मिळत नाही. अशा वेळी बाजूचे किंवा मागचे दार तपासावे, किंवा लहान उभा उद्वाहक बसवावा. मागच्या दाराने बोलावताना ती वाट कचऱ्याच्या डब्यांमधून जात नाही हे पाहावे. पाहुणा कोणत्याही दाराने आला तरी पाहुणाच असतो.

१५. आधीच्या भाडेकरूने परवानगीशिवाय पोटमाळा काढला आहे. तो आम्ही वापरला तर चालेल का?

चालणार नाही. तो पाडणेही परस्पर करू नये. आधी जुने मंजूर नकाशे मिळवून पोटमाळा खरोखर अनधिकृत आहे का हे तपासावे. पुष्कळदा त्याचे गर्डर थेट जुन्या भिंतीत घुसवलेले असतात, आणि ते ओढून काढताना भिंतीचा मोठा भाग सुटतो. म्हणून काढण्याचाही आराखडा अभियंत्याकडून करून तो समितीपुढे ठेवावा, आधी खालून टेकू द्यावेत, गर्डर भिंतीपासून थोडे अंतर राखून कापावेत आणि आतली टोके शेवटी, एकेक करून सोडवावीत. करारात हा खर्च कोणी करायचा हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. वर बसण्याची जागा हवीच असेल, तर स्वतःच्या पायांवर उभा, भिंतीला न टेकणारा सांगाडा नव्याने प्रस्तावित करता येतो. मात्र तो चटईक्षेत्रात (मंजूर बांधकामाच्या क्षेत्रफळात) मोजला जाईल का, हे आधी विचारावे.